उकळलेलें पाणी आणि न दिसणारें विष



आरोग्यशास्त्राचा पहिला धडा तुम्हां सर्वांस पाठ आहे. पाणी गाळून व उकळून प्यावें, अन्न झांकून ठेवावें, जेवणापूर्वीं हात धुवावे. हा धडा खरा आहे आणि तो कधींहि जुना होणार नाहीं. पटकी, विषमज्वर, आमांश ह्या रोगांचे जंतु उकळत्या पाण्यांत टिकत नाहींत. ह्या एका साध्या नियमानें किती मुलें वांचलीं असतील त्याची गणतीच करतां येणार नाहीं. परंतु ह्या धड्यास एक दुसरा भाग आहे, व तो पुष्कळ घरीं अद्याप पोहोंचलेला नाहीं. अन्नपाण्यांतून जंतूंखेरीज दुसराहि एक शत्रु घरांत शिरत असतो. तो सजीव नसल्यामुळें उकळून मरत नाहीं. बहुधा त्यास रंग नसतो, वास नसतो आणि चवहि नसते. जंतूंचा उपद्रव एक-दोन दिवसांत कळून येतो. ह्याचा उपद्रव कळावयास कधीं कधीं दहा वर्षें लागतात, आणि कळतो तेव्हां गेलेलें आरोग्य पुरतें परत मिळत नाहीं. हा शत्रु म्हणजे रासायनिक विष.

त्यापासून आपलें घर कसें राखावें, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. पालकांनींहि हा लेख मुलांकडून वाचून घ्यावा, अशी आमची विनंति आहे. कारण ह्या कामीं शाळेंतील फळा आणि घरांतील चूल ह्यांची गांठ पडल्याखेरीज उपयोग व्हावयाचा नाहीं.

(१) विष आणि मात्रा

प्रथम 'विष' ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊं. एखादा पदार्थ स्वभावतःच विष आणि दुसरा स्वभावतःच अन्न, असें नेहमींच नसतें. त्याचें प्रमाण काय हें पाहावें लागतें. चिमूटभर मिठानें भाजीस चव येते, मूठभर मिठानें तीच भाजी टाकून द्यावी लागते. फ्लोराइड नांवाचा क्षार पाण्यांत थोडा असला तर दांतांस बळकटी येते. तोच मर्यादेबाहेर गेला तर दांत व हाडें दोन्ही बिघडतात. उलटपक्षीं शिसें हा धातु असा आहे कीं, त्याचें कितीहि थोडें प्रमाण मुलांना निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेचें मत असेंच आहे. म्हणून प्रत्येक द्रव्याची मर्यादा निराळी असते.

ही मोजणी किती सूक्ष्म असते तें पाहा. एक लिटर पाणी म्हणजे सुमारें एक किलोग्रॅम, म्हणजेच दहा लक्ष मिलिग्रॅम. एका लिटरांत एक मिलिग्रॅम द्रव्य असलें तर तें दहा लाखांत एक भाग झालें. आतां, सोमल ज्या मूलद्रव्यापासून होतो त्या आर्सेनिकाची पिण्याच्या पाण्यांतील मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें दर लिटरास ०.०१ मिलिग्रॅम ठरविली आहे. गणित करून पाहा: दहा हजार लिटरांचे दहा टँकर भरले, तर त्या सर्व पाण्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक, एवढीच ती मर्यादा! जिभेला हें कसें कळावें? डोळ्यांना कसें दिसावें? येथें इंद्रियें हरतात आणि प्रयोगशाळेचें काम सुरू होतें.

(२) बंगालच्या कूपनलिका

ही गोष्ट केवळ पुस्तकी नव्हे हें बंगालच्या इतिहासावरून ध्यानांत येईल. गंगा व ब्रह्मपुत्रा ह्यांच्या मुखांजवळच्या प्रदेशांत, म्हणजे आजच्या पश्चिम बंगालांत व बांगलादेशांत, लोक पूर्वीं तळ्यांचें व नद्यांचें पाणी पीत. त्या पाण्यांत जंतु असत आणि मुलें पटकीनें व जुलाबानें दगावत. तीं वांचावीं ह्या हेतूनें १९७० नंतरच्या काळांत सरकारनें, युनिसेफ ह्या संस्थेनें आणि पुढें लोकांनीं स्वतः जमिनींत नळ घालून लक्षावधि कूपनलिका बसविल्या. दांडा दाबला कीं स्वच्छ, थंडगार पाणी अंगणांत येऊं लागलें. हेतु उत्तम होता, आणि जंतूंच्या बाबतींत उपायहि योग्य होता.

परंतु १९८३ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ह्या संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा ह्यांच्याकडे खेड्यांतून कांहीं विलक्षण रोगी येऊं लागले. त्यांच्या अंगावर पावसाच्या शिंतोड्यांसारखे गडद व फिकट ठिपके होते. तळहात व तळपाय जाड आणि खरखरीत झाले होते. हीं लक्षणें आर्सेनिकाच्या विषबाधेचीं आहेत हें डॉक्टरांनीं ओळखलें, आणि शोध घेतां घेतां माग कूपनलिकांच्या पाण्यापर्यंत गेला. पुढें जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी ह्यांनीं गांवोगांव पाणी तपासलें. १९९३ सालीं बांगलादेशांतहि हेंच विष आढळलें. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत ह्या आपत्तीचें वर्णन, एखाद्या लोकसमुदायास झालेली इतिहासांतील सर्वांत मोठी विषबाधा, असें करण्यांत आलें.

हें विष कोणीं मिसळलें नव्हतें. हिमालयांतून नद्यांनीं हजारों वर्षें वाहून आणलेल्या गाळांत लोहाच्या कणांस चिकटून आर्सेनिक आलेलें असतें. जमिनीखालीं, जेथें हवा पोहोंचत नाहीं आणि वनस्पतींचे अवशेष कुजत असतात, तेथें तें कणांपासून सुटून पाण्यांत विरघळतें. तळ्याच्या उघड्या पाण्यांत तें फारसें नव्हतें. खालच्या निर्मळ दिसणाऱ्या पाण्यांत होतें. गढूळ पाण्यांत एक शत्रु होता, निर्मळ पाण्यांत दुसरा.

ह्या रोगानें कातडी बिघडते, आणि पुष्कळ वर्षांनीं त्वचा, मूत्राशय व फुप्फुसें ह्यांस कर्करोग होऊं शकतो. परंतु दुःख एवढ्यावरच थांबलें नाहीं. अंगावरील डाग पाहून शेजाऱ्यांस वाटलें कीं, हा कुष्ठरोगच आहे. मुलींचीं लग्नें अडलीं, सुनांना माहेरीं पाठविण्यांत आलें, मुलांशीं कोणी खेळेना. पाणी एकाच नळाचें, पण दोष मात्र रोग्याच्या माथीं! अज्ञान हें विषाचें दुसरें रूप आहे, असें आम्हांस वाटतें तें ह्यामुळेंच.

मग उपाय काय झाला? बांगलादेशांत सुमारें पन्नास लाख कूपनलिका तपासण्यांत आल्या. तेथील मर्यादेहून, म्हणजे दर लिटरास ०.०५ मिलिग्रॅमहून, अधिक आर्सेनिक असलेल्या नळांस तांबडा रंग दिला आणि इतरांस हिरवा. तांबड्या नळाचें पाणी धुण्याभांड्यांस चाले. पिण्यास व शिजविण्यास हिरव्याचेंच. एकाच वस्तींत वीस-तीस पावलांवरच्या दोन नळांत पुष्कळदां जमीन-अस्मानाचा फरक आढळला. त्यामुळें अनेक कुटुंबांस कोणतेंहि यंत्र विकत न घेतां, केवळ शेजाऱ्याच्या हिरव्या नळावर घागर नेऊन, आपलीं मुलें सुरक्षित ठेवतां आलीं. तपासणी आणि शेजारधर्म ह्या दोहोंनीं तें साधलें.

येथें उकळण्याचा प्रश्न पुन्हां घेऊं. चार लिटर पाणी आटवून दोन लिटर केलें तर वाफ होऊन गेलें तें पाणी; आर्सेनिक सगळेंच्या सगळें भांड्यांत राहिलें. म्हणजे प्रत्येक लिटरांतील विष दुप्पट झालें! अशा पाण्यांत भात शिजविला तर तें भातांतहि उतरतें. फडक्यानें गाळणें, तुरटी फिरविणें, जंतु मारणारा दिवा लावणें, ह्यांपैकीं एकाहि घरगुती उपायानें विरघळलेलें विष पुरतें निघत नाहीं.

(३) आपल्या महाराष्ट्राचें पाणी

बंगालची कथा वाचून 'तें संकट दूरचें आहे' असें कोणी म्हणूं नये. आपल्या भागांतील खडक निराळा असल्यामुळें येथें विषाचें नांव निराळें आहे, एवढेंच. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतर महाराष्ट्रांत खेडोपाडीं विंधनविहिरी खोदण्यांत आल्या. जालना येथील मिशनच्या व पुढें सोलापूर येथील कारागिरांनीं हातपंपांत ज्या सुधारणा केल्या, त्यांतूनच इंडिया मार्क दोन हा सुप्रसिद्ध हातपंप आकारास आला. ह्या विंधनविहिरींनीं कितीएक गांवें तहानेपासून व नारूसारख्या रोगापासून वांचविलीं. त्यांचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादि जिल्ह्यांतील कांहीं गांवीं खोल खडकांतून आलेल्या पाण्यांत फ्लोराइड मर्यादेहून अधिक निघालें. जागतिक आरोग्य संघटनेनें ही मर्यादा दर लिटरास १.५ मिलिग्रॅम ठरविली आहे. हिंदुस्थानांत ह्या विकाराची नोंद प्रथम १९३७ सालीं, त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत झाली.

फ्लोराइड अधिक झालें म्हणजे प्रथम मुलांचे दांत बोलूं लागतात. कायमचे दांत हिरड्यांत तयार होत असतात त्या वयांत, म्हणजे साधारणतः आठव्या वर्षापर्यंत, असें पाणी पोटांत गेलें तर दांतांवर खडूसारखे पांढरे पट्टे व पुढें तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहींत. तेव्हां अशा मुलास 'दांत घासत नाहींस' म्हणून कोणी रागावूं नये; त्याच्या दांतांवर त्याच्या गांवच्या पाण्याचा दाखला लिहिलेला असतो, आणि तो वाचण्याचें काम आपलें आहे. प्रमाण फारच अधिक असून वर्षानुवर्षें तेंच पाणी पिण्यांत आलें, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो, आणि कर्ता माणूस पन्नाशीच्या आंतच काठी घेतो. हाडांतील हा बिघाड झाल्यावर औषधानें बरा होत नाहीं. पण आधीं टाळतां येतो.

ह्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जिला सर्वजण नीरी म्हणतात, एक रीत शोधून काढली. तुरटी, चुना व विरंजक चूर्ण हीं मोजून पाण्यांत घालावयाचीं, ढवळावयाचें, गाळ खालीं बसूं द्यावयाचा आणि वरचें पाणी गाळून घ्यावयाचें. आंध्रांतील (आतां तेलंगणांतील) नलगोंडा जिल्ह्यावरून ह्या रीतीस नलगोंडा रीत असें नांव पडलें. मात्र तुरटीचें प्रमाण पाण्याची परीक्षा करूनच ठरवावें लागतें. अंदाजानें मूठभर टाकून चालत नाहीं. ज्या गांवीं जवळच कमी फ्लोराइडचा उथळ आड किंवा पावसाच्या पाण्याचें स्वच्छ टांकें असेल, तेथें पिण्यापुरतें पाणी तेथून आणणें हाच सोपा मार्ग. तें मात्र उकळलेंच पाहिजे, कारण तेथें जंतूंचें भय असतें. पाहा, पहिला धडा येथें पुन्हां उपयोगी पडला!

तिसरें एक द्रव्य नायट्रेट. विहिरीजवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असला, अथवा शेतांत रासायनिक खत बेसुमार टाकलें, तर तें पावसाबरोबर झिरपून विहिरींत उतरतें. अमेरिकेंतील आयोवा राज्याचे डॉ. हंटर कोमली ह्यांनीं १९४५ सालीं दाखवून दिलें कीं, अशा विहिरीच्या पाण्यांत दूध कालवून पाजलेलीं तान्हीं बालकें निळीं पडतात; कारण त्यांचें रक्त प्राणवायु नीट वाहूं शकत नाहीं. आयांनीं तें पाणी उकळून घेतलें तर नायट्रेटचें प्रमाण उलट वाढतें. तान्ह्या बाळास सहा महिने केवळ मातेचें दूध द्यावें ह्या नियमाचें हेंहि एक कारण समजावें. आणि विहीर व उकिरडा ह्यांत भरपूर अंतर राखावें.

(४) 'औषध' म्हणून घरांत येणारें विष

आतां पाण्याकडून अन्नाकडे वळूं. आपला शेतकरी पिकावरील किडीस मारणाऱ्या द्रवास 'औषध' म्हणतो. 'कपाशीला औषध मारलें', 'वांग्यांना औषध दिलें', असें घरोघरीं बोललें जातें. शब्द मायेचा आहे, पण फसवा आहे. चार वर्षांच्या मुलास औषध म्हणजे आई चमच्यानें पाजते तें, एवढेंच ठाऊक असतें. म्हणून घरांत ह्या वस्तूस तिच्या खऱ्या नांवानें, म्हणजे विष म्हणूनच, हाक मारावी.

१९५८ सालीं केरळांत शंभरांहून अधिक माणसें अन्न खाऊन मेलीं. जहाजांतून येतांना धान्याच्या मालाशेजारीं पॅराथिऑन नांवाचें कीटकनाशक ठेवलेलें होतें. तें गळून खाण्याच्या मालांत उतरलें होतें. ह्या अनर्थाची चौकशी झाली आणि पुढें १९६८ सालीं कीटकनाशकांविषयींचा कायदा झाला. कायदा झाला, पण कायदा प्रत्येक घराच्या फडताळांत डोकावूं शकत नाहीं. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांत धर्मासती गंडामन ह्या गांवच्या प्राथमिक शाळेंत मुलें दुपारचें जेवण जेवलीं. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. त्या जेवणानें २३ मुलें मृत्यु पावलीं. तपासांत स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. कीटकनाशकाच्या डब्यांत तेल ठेवल्यामुळें तें मिसळलें असावें, असें मानण्यांत आलें. तेलास वेगळाच वास येत असल्याचें स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या ध्यानांत आलें होतें, असेंहि त्या वेळीं प्रसिद्ध झालें.

ह्या एका वाक्यापाशीं आम्ही तुम्हांस थांबावयास सांगतों. आरंभीं आम्हीं म्हटलें कीं, विषास बहुधा वास नसतो. पण कधीं असतोहि! तेव्हां नियम असा करावा: इंद्रियांनीं इशारा दिला तर तो मानावा, आणि त्यांनीं इशारा दिला नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. चुलीपाशीं उभी असलेली बाई, पंगतींत बसलेलें लहान मूल, मोलकरीण, आजी, ह्यांपैकीं कोणीहि 'ह्याला वास येतो', 'हें कडू लागतें' असें म्हटलें, तर 'गप्प बैस, खा' असें म्हणूं नये. हात थांबवावा आणि पाहावें. ताटांतील अन्न फुकट गेलें तर चालेल.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी चिन्ह असतें. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची पायरी सांगतो. तांबडा म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, आणि शेवटीं हिरवा. बंगालच्या नळावरील हिरव्या रंगाचा अर्थ 'प्यावयास योग्य' असा होता. डब्यावरील हिरव्या रंगाचा अर्थ 'इतरांहून कमी विषारी' एवढाच आहे. दोन्ही हिरवे एक नव्हेत. ज्यांस वाचतां येत नाहीं अशा वडील मंडळींस हा भेद मुलांनीं समजावून द्यावा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले, हें आपण जाणतोंच. फवारणीहून आल्यावर अंगावरचे कपडे निराळे धुवावे, स्नान करावें, आणि मगच मूल कडेवर घ्यावें.

(५) हळदीचा रंग आणि भांड्याची कल्हई

बांगलादेशांत शास्त्रज्ञांस गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें आढळलें, तेव्हां तें येतें कोठून ह्याचा शोध सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठ व ढाक्याचें अतिसार संशोधन केंद्र ह्यांच्या संशोधकांस उत्तर मिळालें तें स्वयंपाकघरांतच. हळकुंडें पिवळीधमक दिसावीं म्हणून त्यांवर लेड क्रोमेट, म्हणजे शिशापासून केलेला पिवळा रंग, चोळण्यांत येत असे. १९८० नंतरच्या दशकांत पुरामुळें हळकुंडें काळवंडलीं, तेव्हांपासून ही चाल पडली असें तेथील लोकांनीं सांगितलें. शिसें मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितें. शिकलेलें ध्यानांत राहत नाहीं, आणि आम्ही शिक्षक त्यास उगाच 'ढ' म्हणतों.

पण ह्या गोष्टीचा शेवट आशादायक आहे. तेथील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनीं २०१९ सालीं बाजारांत सूचना लावल्या, तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांस दंड केला आणि लोकांस कारण समजावून सांगितलें. २०१९ सालीं बाजारांतील हळदीच्या शेकडा ४७ नमुन्यांत शिसें होतें. २०२१ सालीं एकाहि नमुन्यांत आढळलें नाहीं. दोन वर्षांत एवढा पालट झाला! घरोघरच्या गृहिणींस जें शोधून काढतां आलें नसतें तें तपासणीनें काढलें, आणि अधिकाऱ्यांस एकट्यानें जें साधलें नसतें तें जाणत्या गिऱ्हाइकानें साधलें. आपण काय घ्यावें? फार झगझगीत रंगास भुलूं नये. खात्रीच्या ठिकाणचीं, नैसर्गिक फिक्या रंगाचीं, पॉलिश न केलेलीं हळकुंडें घेऊन घरीं किंवा डोळ्यांदेखत दळून घ्यावीं. शिशाचा रंग हळकुंडाच्या पाठीवरहि चोळला जातो, तेव्हां 'अख्खें घेतलें म्हणजे झालें' असेंहि समजूं नये.

भांड्यांचेंहि असेंच आहे. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवूं देत नसत, 'कळकेल' म्हणत. त्या एका शब्दांत रसायनशास्त्राचा सबंध पाठ आहे. आंबट पदार्थांतील आम्ल तांब्यापितळेस खातें, तांब्याचे क्षार अन्नांत उतरतात, आणि मळमळ व वांत्या होतात. म्हणून भांड्यांस आंतून कथलाची कल्हई करण्याची चाल पडली. कथील शुद्ध असेल तर कल्हई उत्तम. पण स्वस्त म्हणून त्यांत शिसें मिसळलें असेल तर रोगाहून उपाय भयंकर. कल्हईवाल्यास शुद्ध कथलाबद्दल विचारावें, आणि आंबट पदार्थांस पोलादी, कांचेचें किंवा दगडी भांडें वापरावें.

(६) घरीं आजपासून काय करावें?

एक: आपल्या पिण्याच्या पाण्याचा उगम कोणता हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. विंधनविहिरीचें पाणी असेल तर त्याची रासायनिक परीक्षा झाली आहे कीं नाहीं, हें ग्रामपंचायतींत विचारावें. जिल्ह्यांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या व पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळा असतात. तेथें पाण्याचा नमुना तपासून मिळतो. जंतूंची परीक्षा आणि रसायनांची परीक्षा ह्या दोन भिन्न आहेत. एक झाली म्हणजे दुसरी झाली असें नव्हे.

दोन: परीक्षेचा निकाल पाहूनच उपाय निवडावा. आर.ओ. यंत्र फ्लोराइड, आर्सेनिक व नायट्रेट पुष्कळ प्रमाणांत कमी करतें. परंतु तें महाग असतें, त्यांतील पडदा वेळच्या वेळीं बदलावा लागतो, आणि बरेंच पाणी वायां जातें. ज्यांच्या पाण्यांत असलें कांहींच नाहीं त्यांनीं केवळ जाहिरात पाहून तें घेण्याचें कारण नाहीं.

तीन: कीटकनाशक कुलुपांत, धान्यापासून व मुलांपासून दूर ठेवावें. तें शीतपेयाच्या बाटलींत कधींहि ओतून ठेवूं नये. रिकामा डबा कितीहि धुतला तरी त्यांत तेल, पाणी किंवा धान्य भरूं नये. त्यास भोकें पाडून निकामी करावें.

चार: भाजी व फळें वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावीं. स्वतःच्या शेतांतील भाजीवर फवारणी झाली असेल, तर डब्यावर सांगितलेले दिवस लोटल्याखेरीज ती तोडूं नये. घरच्यांसाठींहि नाहीं आणि बाजारासाठींहि नाहीं. दुसऱ्याचें मूल हेंहि मूलच आहे.

पांच: कोणाच्या पोटांत विष गेल्याचा संशय आला तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. डॉक्टरांनीं सांगितल्याशिवाय वांति करवूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि तो डबा किंवा त्याचें वेष्टन बरोबर न्यावें. कारण विषाचें नांव कळलें म्हणजे उतारा लवकर ठरवितां येतो.

(७) सुटींतील अभ्यास

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत एक काम करा. आपल्या गांवच्या किंवा आळींतील पिण्याच्या पाण्याच्या सर्व जागांचा एक नकाशा काढा: आड, विंधनविहीर, नळ, टांकें. प्रत्येकीची खोली विचारून लिहा. रासायनिक परीक्षा केव्हां झाली व निकाल काय आला हें लिहा. झाली नसेल तेथें तसें स्पष्ट लिहा आणि तो कागद वडिलांच्या हातीं ग्रामपंचायतींत पोहोंचवा. घरांतील एकूण एक बाटल्या व डबे पाहा. ज्यांवर नांव नाहीं त्यांची वडील मंडळींकडे चौकशी करा, पण स्वतः हुंगून किंवा चाखून पाहूं नका.

हें सर्व करतांना भयभीत होण्याचें कारण नाहीं. आपली हळद, आपली भाजी, आपली विहीर हीं आपलीं शत्रु नव्हेत. त्यांवर आपलें जीवन आहे. भीति मनुष्यास हातपाय गाळावयास लावते, ज्ञान त्यास घागर घेऊन योग्य नळाकडे नेतें. पाणी उकळा, कारण जंतु आहेत. पाणी तपासा, कारण जंतु हाच एक शत्रु नव्हे. ज्या घरांत हीं दोन्ही कामें होतील, आणि ज्या घरांत सर्वांत लहान मुलाच्या 'हें वेगळें लागतें' ह्या शब्दांसहि मान मिळेल, त्या घराचा उंबरठा ओलांडणें ह्या शत्रूस फार कठीण जाईल.